नळीतली साय

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास मी वाटीतलं उरलंसुरलं ताक बोटानं निपटून घेत होते आणि बोट वाटीच्या तळाशीच थबकलं. अंबाबाईच्या रक्ताचं मी काय करून ठेवलं होतं, ते मला त्या क्षणी कळलं. समोर गोपाळकृष्ण, म्हणजे आमचे हे, पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसले होते. सगळा जन्म शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस, शब्दकोड्यात रोज हरतो आणि दुसऱ्या दिवशी नव्या उमेदीनं पेन्सिलीला टोक काढून बसतो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काय गं, ताकात काही पडलं का?" मी बोट तसंच धरून म्हटलं, "ताकात नाही हो, डोक्यात पडलं." "मग हरकत नाही, तिथं जागा आहे," असं म्हणून ते पुन्हा आडवे सात शोधायला लागले. एरवी मी यावर काहीतरी टोला दिला असता. त्या दिवशी मी उठले, वाटी मोरीत ठेवली आणि नळ न सोडताच तिथं उभी राहिले. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. मनगटाच्या आतल्या बाजूला खाज सुटली होती. साठी उलटलेल्या बाईला शरमेनं खाज सुटते हे मला माहीत नव्हतं.

अंबाबाई केळवलीच्या आतल्या अंगाच्या गावातली, पन्नाशीच्या जवळची, हाडापेरानं मजबूत बाई. तीन महिन्यांत तीनदा तिचं तोंड आणि छाती एकाएकी लालेलाल झाली, अंगभर गांधी उठल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. तिसऱ्या वेळी तर तिच्या नवऱ्यानं, येसाजीनं, तिला शेजाऱ्याच्या टेंपोत घालून कर्जतला आणलं. माझ्या लॅबसमोरच डॉक्टर अंतराचा दवाखाना आहे. पोरगी माझ्या मुलाच्या वर्गातली, पण हात असा की म्हाताऱ्या डॉक्टरांनी शिकावं. तिनं इंजेक्शन देऊन बाईला उठवून बसवलं आणि मुंबईच्या तज्ज्ञांना फोन लावला. त्यांना शंका आली की हिस्टामीन साठवून ठेवणाऱ्या पेशी हिच्या शरीरात वाजवीपेक्षा वाढल्या असाव्यात. हिस्टामीन म्हणजे गांधीलमाशी चावल्यावर कातडी फुगवतं, शिंका आणतं, नाक वाहायला लावतं, ते. प्रत्येकाच्या अंगात असतं, पण पेशींच्या आत बंद. रक्तात मोकळं फिरणारं किती आहे ते मोजायचं ठरलं. मोजणार होती मुंबईची मोठी लॅब. रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, वर येणारा पिवळसर द्रव वेगळा करून गोठवायचा आणि बर्फात घालून पाठवायचा, हे काम माझं. मंगळवारी आकडा आला. मिलिलिटरला एक नॅनोग्रॅमच्या आत हवं, ते नऊ पूर्णांक चार. त्याच पेशींसाठी सोबत केलेली आणखी एक तपासणी अगदी व्यवस्थित होती, पण नऊ पूर्णांक चार हा आकडा बघितल्यावर त्या दुसऱ्या कागदाकडे कोण बघतो? येत्या सोमवारी मुंबईला नेऊन अंबाबाईच्या कमरेच्या हाडात सुई घालायची, आतली मज्जा काढून तपासायची, असं ठरलं.

आता मी काय केलं ते सांगते. रक्ताची नळी फिरवली की तिचे तीन थर होतात. वर पिवळं पाणी, तळाला लाल गाळ आणि दोघांच्या मध्ये एक पांढरट, अगदी पातळ पापुद्रा. पुस्तकात त्याला मोठं नाव आहे, मी आपली साय म्हणते. त्या सायीत पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांतल्या मूठभर पेशींच्या पोटात हिस्टामीन ठासून भरलेलं असतं. वरचं पाणी ओढताना सायीचा कण जरी आला आणि ते पाणी गोठवलं, तर गोठताना पेशी फुटतात आणि सगळा साठा पाण्यात सांडतो. मग मोजायला बसलं की बाईच्या रक्तात फिरणारं हिस्टामीन राहतं बाजूला, आपणच फोडलेल्या पेशींचं हिस्टामीन मोजलं जातं. म्हणून मुंबईच्या लॅबनं नळीसोबत एक कागद पाठवला होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की वरचं दोन भाग पाणी घ्या, खालचा एक भाग नळीतच सोडा. मी तो कागद वाचला होता. वाचून हसलेही होते. हे नवशिक्या पोरांसाठी आहे, असं मनात म्हणाले होते. आणि मग डोळे नळीवर, अंगठा पिपेटवर ठेवून मी शेवटच्या थेंबापर्यंत ओढलं. मुद्दाम नाही. टाकवत नाही म्हणून. पेणला आमच्या घरी आई ताटाकडे बघायची आणि विचारायची, या ताटात वाढलं होतं की नाही? नाही वाढलं असं वाटलं, तरच उठायला परवानगी. दुधाचं पातेलं आम्ही भावंडं पाळीपाळीनं खरवडायचो, तेलाची बरणी उलटी करून रात्रभर वाटीवर ठेवायचो. लग्न होऊन कर्जतला आले तर सासूबाई आईच्या वरताण निघाल्या. त्या लोणच्याच्या बरणीत शेवटी भात कालवायच्या. चाळीस वर्षं मी दर दिवशी काही ना काही निपटत आले आहे आणि साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉईड या कशालाही त्या निपटण्याचा त्रास झाला नाही. उलट एका नळीत चार तपासण्या बसवते म्हणून माझं कौतुकच व्हायचं. हिस्टामीनला मात्र ते चालत नाही.

खरं दुःख वेगळंच होतं. दुसऱ्या कुणाकडून ही चूक झाली असती तर मी म्हटलं असतं, चालायचंच. पण हिस्टामीन हे माझं माहेर होतं. शहाऐंशी साली मुंबईत एम.एस्सी.ला असताना दोन वर्षं मी दुसरं काही केलं नव्हतं. तेव्हा आजच्यासारखे तयार संच नव्हते, की थेंब टाका, रंग बघा, यंत्र आकडा छापून देईल. नमुना मिठानं आणि अल्कलीनं तयार करायचा, ब्यूटॅनॉलमध्ये घालून हलवायचा, मग हेप्टेन, मग आम्ल, असं त्या हिस्टामीनला या पाण्यातून त्या पाण्यात नाचवत न्यायचं. ब्यूटॅनॉलचा वास असा, की दारूच्या गुत्त्यात कुणी पिकलेली केळी विसरून गेलंय. केसांत बसायचा तो. वसतिगृहातल्या मुली माझ्याजवळ जेवायला बसायच्या नाहीत. शेवटी एक द्रव घालायचा, स्टॉपवॉच लावायचं, बरोबर चार मिनिटं थांबायचं आणि आम्ल घालून ती क्रिया जागच्या जागी रोखायची. मग नळी यंत्रात ठेवून खोलीत अंधार केला की फटीतून निळा उजेड दिसायचा. हिस्टामीन जास्त असेल तर जास्त निळा. मला पहिल्यांदा तो दिसला तेव्हा मी एकटीच होते आणि चक्क टाळ्या वाजवल्या होत्या. आमच्या गाईडबाई त्याहून जुन्या काळातल्या. त्यांनी गिनिपिगच्या आतड्याचा बोटभर तुकडा कोमट पाण्यात टांगून हिस्टामीन मोजलेलं. नमुना टाकला की आतडं आकसायचं, त्याला बांधलेली काडी हलायची आणि काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेघ उमटायची. "ते आतडं कधी खोटं बोललं नाही, उमा," बाई सांगायच्या, "खोटं बोलायचो ते आपण. नळी तापवायचो, जोरात हलवायचो आणि मग पेशंटवर आळ घ्यायचो. मोठा आकडा आला की आधी विचार, हा आकडा माणसाचा की माझ्या हाताचा." हे वाक्य मी तीस वर्षांत किती पोरापोरींना ऐकवलंय त्याला गणती नाही. आणि मंगळवारी नऊ पूर्णांक चार बघून मला काय वाटलं असेल? आनंद वाटला. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, बघा, एवढा दुर्मिळ आजार कर्जतमध्ये सापडला, आणि नमुना कुणी घेतला, तर उमानं. त्या दुपारी मी गाणं गुणगुणत चहा केला होता.

मोरीसमोर उभ्या उभ्या मी दुसराही विचार केला, तोही सांगून टाकते. गप्प बसलं तर? सोमवारी सुई घालतील, मज्जा साफ निघेल, डॉक्टर म्हणतील काही नाही, जा घरी. कुणाला काय कळणार आहे? नऊ पूर्णांक चार फायलीत पडून राहील. अंबाबाईचं एक हाड दुखेल चार दिवस, बस. हा विचार इतका गुळगुळीत होता, इतक्या सहज आला, की मी स्वतःकडेच जरा बिचकून बघितलं. मोरीवरच्या आरशात माझे गाल लाल झालेले होते. कोपरापर्यंत खाज आली होती. शास्त्राच्या भाषेत बोलायचं तर माझ्याच पेशींनी माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला सुरुवात केली होती. मी गोपाळकृष्णांना सगळं सांगितलं. त्यांनी पेन्सिल कानावर ठेवून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वर्गात फळ्यावर गणित चुकलं की मी काय करायचो माहितीये? डस्टरनं पुसायचो आणि म्हणायचो, बघू या कुणाला चूक सापडते. पोरांना वाटायचं सरांनी मुद्दाम केलं." मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही तेहेतीस वर्षं पोरांना फसवत होतात." "हो ना," ते म्हणाले, "पण माझ्या गणितामुळे कुणाच्या हाडात सुई जाणार नव्हती. छत्री घे, ऊन आहे."

अंतराच्या दवाखान्यात अकरा पेशंट होते. ते अकराच्या अकरा मला ओळखत होते, त्यामुळे दारातून खुर्चीपर्यंत पोचायला मला वेळ लागला. आत गेले आणि न बसताच बोलायला लागले. अंतरा ऐकत होती आणि हातातलं प्रिस्क्रिप्शन लिहीतही होती, मग तिचा हात थांबला. मी मनाशी तयारी केली होती की ती चिडेल, निदान गप्प होईल. ती म्हणाली, "उमाकाकू, बसा आधी. तुम्हाला गांधी उठल्यात." मी बाही खाली ओढली. ती हसली, मग मीही हसले आणि हसता हसता माझे डोळे भरून आले, ते तिनं बघितलं न बघितलंसं केलं. "मलाही ते खटकत होतं," ती म्हणाली. "दुसरी तपासणी इतकी साफ आणि ही एवढी वर, हे जुळत नव्हतं. पण नमुना तुमच्या हातचा होता ना, म्हणून मी शंकाच घेतली नाही." याहून कडक शब्द तिला सापडले नसते, आणि तिला ते कडक आहेत हे माहीतही नव्हतं. ठरलं असं, की उद्या सकाळी पुन्हा रक्त घ्यायचं. शनिवारी मुंबईच्या लॅबमध्ये या तपासणीची पाळी लागते, म्हणजे संध्याकाळपर्यंत आकडा. चांगला आला तर सोमवार रद्द. "मी फोन करून बोलावते बाईंना," अंतरा म्हणाली. मी नाही म्हटलं. चूक रिक्षानं गेली पाहिजे, फोननं नाही, असं मला वाटलं. मोठ्यानं मात्र एवढंच म्हटलं, "मी जाते. तेवढंच जरा हवापालट."

केळवलीच्या फाट्यापासून आत जाणारी रिक्षा मिळायला अर्धा तास गेला. शेजारी कोंबड्यांची टोपली घेतलेली एक बाई होती आणि एक कोंबडी पूर्ण रस्ता माझ्याकडे एकाच डोळ्यानं बघत होती. काय बोलायचं त्याची मी मनात घोकंपट्टी करत होते. अंबाबाई, झालं असं की. अंबाबाई, घाबरू नका. अंबाबाई, तुमच्या रक्तात दोष नाही, दोष. प्रत्येक वाक्य मधेच तुटत होतं. घर सापडायला वेळ लागला नाही, कारण रिक्षावाल्याला ते ठाऊक होतं. आत अंबाबाई पलंगावर पाय सोडून बसलेली, तिची मुलगी रिया जमिनीवर लुगड्यांच्या घड्या करत होती आणि चुलीपुढे एक वाळकुडी, तरतरीत बाई भाकरी थापत होती. पलंगावर लुगड्यांचे तीन ढीग लावलेले. मी विचारायच्या आत अंबाबाईनंच सांगितलं, "ह्यो रियाचा, ह्यो सुनंचा, आन ह्यो ठकीचा. ठकी म्हंजी ही माजी जाव. पल्याडची भिंत हाय ना, ती तिची. अकरा वर्सं बोलत नव्हतो आमी." "बारा," चुलीपुढून ठकी म्हणाली. "बारा बरं," अंबाबाई म्हणाली. "पन डॉक्टरनी सांगितलं हाडात बघायचं, तवा मी म्हनलं, आता कशाला ठेवायचं मनात. परवा हाक मारली तिला भिंतीवरनं. आली." "हाक कसली, मेल्यागत वरडली," ठकी म्हणाली, "मला वाटलं गेलीच. तशीच आले, हाताला पीठ घेऊन."

मी त्या तीन ढिगांकडे बघत राहिले. माझ्या एका थेंबाच्या हव्यासापायी इथं वाटण्या झाल्या होत्या. मग मी सांगितलं. घोकलेलं काहीच आठवलं नाही म्हणून साधंच सांगितलं. म्हटलं, तो आकडा तुमचा नाही, माझा असावा. तुमच्या रक्तावर जी साय येते ती मी वरच्या पाण्यासोबत ओढली, ती ओढायची नसते, माझ्या हातून निपटलं गेलं. उद्या पुन्हा रक्त द्यावं लागेल, आणि तुम्हाला उगाच घाबरवलं त्याची मी माफी मागायला आले. रियाच्या हातातली घडी तशीच राहिली. अंबाबाईनं विचारलं, "म्हंजी शेवटचा थेंबपन सोडला नाय तुमी?" "नाही," मी म्हटलं. "आमच्या घरची सवय." "चांगलीच सवय हाय," ती म्हणाली आणि अशी खदाखदा हसायला लागली की पलंग हलला. "आगं ठकी, आयकलंस का? माजं रगत निपटून खाल्लं बाईनी!" ठकीनं भाकरी तव्यावर टाकली आणि हसत नाही असं दाखवत हसली. मला इतकं हलकं वाटलं आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटलं, की दोन्ही एकाच छातीत कसं मावतं याचं मला नवल वाटलं. रागावली असती तर सोपं गेलं असतं. मला भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. ताटात शेवटी थोडं बिरडं उरलं, ते मी मुद्दाम उरू दिलं, तर ठकी म्हणाली, "आवडलं नाय वाटतं." मग तेही निपटावं लागलं.

निघताना मी उद्याच्या पथ्याचं सांगत होते. मासळी नको, टोमॅटो नको, वांगं नको. मासळी म्हटल्याबरोबर ठकी उठून उभी राहिली. "तेच मी म्हनते," ती म्हणाली. "तिन्ही टायमाला बांगडाच हुता." अंबाबाई म्हणाली, "तुला काय म्हाईत गं?" "वास येतो का नाय भिंतीवरनं? बारा वर्सं तुज्या घरात रोज काय शिजलं ते मी सांगेन. तिन्ही टायमाला बांगडा शिजला, आन अर्ध्या घंट्यात रियाचा बाप वरडत भायेर आला. दुसऱ्या खेपेला मला वाटलं सांगावं. पन बोलत कुठं हुतो?" मी पुन्हा खाली बसले. बांगडा आणतं कोण, कधी, कसा, हे मी विचारलं, आणि इतक्यात येसाजीच आला म्हणून त्यालाच विचारलं. तो साजगावला कारखान्यात पहिल्या पाळीला जातो. सकाळी सहाला खोपोलीत मासळी ताजी असते म्हणून तेव्हाच घेतो, मोटरसायकलच्या डिकीत ठेवतो आणि साडेतीनला सुटला की घरी आणतो. "डिकी सावलीत असते?" मी विचारलं. "शेडमधी जागा नसती," तो म्हणाला. "पन मी पिशवी चांगली तीन गाठी मारून बांधतो." नऊ तास उन्हातल्या बंद डिकीत बांगडा. त्या मासळीतच हिस्टामीन तयार होतं, ढिगानं, आणि कितीही शिजवा, जात नाही. वासही फारसा बदलत नाही. हे सगळं मी दोन वर्षं पाठ केलं होतं आणि रक्त घेताना मी या बाईला काय खाल्लं हे विचारलंही नव्हतं, कारण माझं लक्ष माझ्या हाताच्या सफाईवर होतं. "तुम्हाला नाही काही झालं?" मी येसाजीला विचारलं. तो जरा खाली बघत म्हणाला, "लाल व्हयाचं तोंड. डोकं ठणकायचं. पन बांगडा आसला की मी थोडी घेतो, तवा मला वाटलं, ती तिचंच काम करती." ठकी म्हणाली, "आन बाकीच्या दिशी?" येसाजी बाहेर निघून गेला.

शुक्रवारी सकाळी साडेसातला दोघी जावा माझ्या लॅबमध्ये हजर. मी आदल्या रात्रीपासून यंत्राचे कप फ्रिजमध्ये थंड करत ठेवले होते. बर्फाचं भांडं तयार. काचेच्या नळ्या बाजूला सारून प्लॅस्टिकच्या काढल्या, कारण काचेला हिस्टामीन चिकटतं. दंडाची पट्टी सैल बांधली, जाड सुई घेतली, म्हणजे रक्त आपल्या पायांनी यावं, ओढून काढावं लागू नये. अंबाबाई तिकडे बघायला तयार नव्हती. ठकी मात्र माझ्या खांद्यावरून सगळं बघत होती. "हलवू नका जोरात," तिनं मला बजावलं. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. नळी बर्फात, बर्फातून यंत्रात, यंत्रातून उजेडासमोर. तीन थर स्वच्छ दिसले. मी पिपेट पाण्यात वरवर बुडवलं आणि हळूहळू ओढत आले. अर्ध्यावर आले. अर्ध्याच्या खाली आले. सायीच्या वर बोटभर पाणी उरलं होतं, पिवळंधमक, चांगलं, निर्दोष दिसणारं. पिपेटचं टोक आणखी खाली जायला निघालं. खरंच सांगते, आयुष्यात मी कशाचा मोह इतका स्पष्ट अनुभवला नव्हता. एवढंसं पाणी, वाया जाणार. आणखी अर्धं घेतलं तर काय होतं? आईचा चेहरा, सासूबाईंचा चेहरा, लोणच्याची बरणी, सगळे मिळून माझ्या अंगठ्यावर दाब देत होते. मी पिपेट वर उचललं. नळीत उरलेलं पाणी, साय, लाल गाळ, सगळंच्या सगळं कचऱ्याच्या लाल डब्यात टाकलं. "फेकलं?" ठकी म्हणाली, तिचाही जीव हळहळला होता. "फेकलं," मी म्हटलं. मला हात धुवायला जरा जास्तच वेळ लागला. नऊ वाजता नमुन्यांची गाडी आली आणि बर्फाचा डबा घेऊन गेली.

शनिवारी मी काहीच धड केलं नाही. आमटीत मीठ दोनदा घातलं. दुपारी गोपाळकृष्णांसोबत शब्दकोड्याला बसले आणि त्यांना एकही शब्द सांगू शकले नाही, त्यामुळे ते मनातून खूश झाले. मला सारखं वाटत होतं की समजा आकडा पुन्हा मोठा आला, तर? म्हणजे माझा हात निर्दोष आणि बाई आजारी. आणि मी काय इच्छितेय, हे मी स्वतःला दर अर्ध्या तासानं विचारत होते. कारण मंगळवारच्या त्या चहाच्या वेळचं गाणं मला विसरता येत नव्हतं. यावेळी माझ्या पोटात एकच होतं. माझी चूक निघू दे, बाई बरी निघू दे. एवढं नक्की कळल्यावर मी शांत झाले आणि खुर्चीतच डोळा लागला. साडेपाचला फोन वाजला. शून्य पूर्णांक सहा. मी अंतराला कळवलं, तिनं सोमवार रद्द केला आणि म्हणाली, "काकू, बाईंना तुम्हीच सांगा."

मी फोन लावला. अंबाबाईनंच उचलला. मी सांगितलं, आकडा चांगला आहे, अगदी हवा तसा, हाडात सुई नाही, मुंबई नाही, फक्त बांगडा बर्फातून आणायचा आणि लगेच शिजवायचा. माझा आवाज चढला होता. मला वाटलं ती आता ओरडेल, रियाला हाक मारेल. तिकडून नुसता तव्यावर उलथनं आपटल्याचा आवाज आला. "अंबाबाई, ऐकलंत ना?" "आयकलं," ती म्हणाली. मग आवाज अगदी खाली आणून, फोनला तोंड लावून असणार, कारण तिचा श्वास माझ्या कानावर यायला लागला, ती म्हणाली, "बाई, येक काम करा. ठकीला यवढ्यात नका सांगू. चार दिस ऱ्हाऊ द्या तसंच. मी आजारी हाय म्हनून येती वो ती. सकाळच्यान येती, भाकऱ्या करती, माजं डोकं चेपती. बरी हाय म्हनलं तर भिंतीपल्याड जाईल." खोटा आकडा तिला ठेवायचा होता, आणि माझ्याजवळ द्यायला खरा तेवढाच उरला होता. मी काहीतरी म्हणणार, "अंबाबाई, हे बघा", इतक्यात उलथनं खाली ठेवल्याचा आवाज आला आणि ठकीचा आवाज इतका जवळून आला की मी फोन कानापासून लांब केला.

"त्यो फोन सगळ्या घराला आयकू येतोय गं, येडे. पोरीनं स्पीकरवर टाकून ठेवलाय." मला चुलीतल्या लाकडाची तडतड ऐकू आली. "मी काय तुजं रगत बघून येत हुते व्हय?" ठकी म्हणाली. "ऊठ आता. ही शेवटची भाकरी माजी. उद्यापास्नं तू थापायची, मी बसून खानार."